भुंग्याला कोंडावे की नाही

डोंगराच्या पायथ्याशी, वाडीच्या थोडे अलीकडे, एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. घर साधेच. पुढे फळ्यांची लांब पडवी, मागे कुडाच्या भिंतींची एक मोठी खोली. पडवीत रोगी बसत, खोलीत मुळ्या आणि साली सुकत, आणि अंधार पडला की वैद्यबुवा व त्यांचे शिष्य त्याच खोलीत अंथरुणे पसरत. रोग्याची नाडी धरली की बुवा डोळे मिटून घेत, आणि नवख्या माणसाला वाटे, म्हातारबुवांना डुलकी लागली.

त्यांच्याजवळ दोघे विद्या शिकत होते. एक महिपती, वयाने थोर, शांत, सांगितले तेवढेच करणारा. दुसरी सगुणा. ती एका सधन कापड-व्यापाऱ्याची एकुलती एक मुलगी, बापाच्या मनाविरुद्ध घर सोडून आलेली. आली त्या दिवशी बुवांनी विचारले होते, "घरी विचारून आलीस का?"

"सांगून आले," ती म्हणाली होती. "विचारून नाही."

बुवांनी तिला ठेवून घेतले.

त्या वर्षी डोंगरातून एक बिबट्या खाली उतरला. आधी वाडीतली एक शेळी गेली, मग धनगराचा राखणीचा कुत्रा गेला. दिवस मावळला की लोक दारे लावून बसू लागले. बातमी सगुणाच्या वडिलांपर्यंत, व्यंकटशेठपर्यंत, पोचली. मुलीला त्यांनी निरोप धाडला, घरी ये. मुलीने उलट निरोप धाडला, येणार नाही. तेव्हा शेठनी दुसरा मार्ग काढला. एके दुपारी त्यांची बैलगाडी पडवीपुढे येऊन थांबली आणि गाडीवानाने खाली उतरवला एक सागवानी पिंजरा. भक्कम पट्ट्यांचा, पुढे दार, दाराला कोयंडा आणि कोयंड्यात बसणारी लाकडी खीळ. आत एक काळेभोर पिल्लू होते, नुकतेच आईपासून तोडलेले.

"शेठनी सांगितलंय," गाडीवान म्हणाला, "जातिवंत आहे. मोठं झालं की बिबट्यालाही भिणार नाही. पण आतापासून पिंजऱ्याची सवय लावा. दिवेलागणीला आत, उजाडल्यावर बाहेर. रडलं तर रडू द्यायचं. चार दिवसांत गप होतं."

सगुणाने पिल्लू उचलून घेतले. त्याचे पोट तिच्या तळव्यावर धडधडत होते. तिने विचारले, "गप होतं म्हणजे काय होतं?"

"म्हणजे रडायचं थांबतं."

"का थांबतं?"

गाडीवानाला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. बैलांना पाणी दाखवतो, असे म्हणून तो बाजूला झाला.

पिल्लाचे नाव भुंग्या पडले. त्या संध्याकाळी सगुणा ओढ्यावर पाला धुवायला गेली असताना महिपतीने, निरोपात होते त्याप्रमाणे, भुंग्याला पिंजऱ्यात घातले आणि खीळ बसवली. सगुणाला ते ओरडणे बांधावरूनच ऐकू आले. ती धावत आली. भुंग्या दोन पट्ट्यांच्या फटीत नाक खुपसून किंचाळत होता. मागे सरकून दारावर अंग आपटत होता आणि पुन्हा नाक खुपसत होता. सगुणाने डोक्यावरची पाटी टाकली, खीळ उपसली आणि अंगणातूनच ती ओढ्याकडे भिरकावून दिली.

"अगं, शेठची वस्तू ती!" महिपती म्हणाला.

"शेठ माझे वडील आहेत. त्यांना काय सांगायचं ते मी सांगेन."

वैद्यबुवा पडवीत बसून पाहत होते. ते एवढेच म्हणाले, "मग अंधार पडल्यावर कसं करणार?"

"माझ्याजवळ निजेल. पण गुरुजी, या घरात त्याला कुणी कोंडणार नाही. मी आहे तोवर तरी नाही."  मग आवाज न चढवता ती म्हणाली, "आई गेल्यावर अण्णा मला माडीवर कोंडून बाजाराच्या गावांना जायचे. खाणं ठेवायचे, पाणी ठेवायचे, बाहुल्यासुद्धा ठेवायचे. आणि बाहेरून कडी. मी दार वाजवायचे. हात दुखेपर्यंत वाजवायचे. मग एक दिवस वाजवणं सोडून दिलं. अण्णा सगळ्यांना कौतुकाने सांगत, पोरगी आता शहाणी झाली. मी शहाणी नव्हते झाले. कुणी येणार नाही, एवढं मला कळलं होतं."

 बुवा हातातली गुळवेल सोलत राहिले.

पहिले काही दिवस भुंग्या सगुणाच्या पायाशी निजला आणि सगळे ठीक चालले. पण पिल्लूच ते. दात शिवशिवत, पंजे स्वस्थ बसत नसत. खोलीत बचनागाची मुळे सुकत होती. माणसालाही एक तुकडा पुरे होतो असे ते विष. भुंग्याने त्यातले एक मूळ तोंडात धरले आणि बुवांनी झडप घालून ते काढले, म्हणून तो वाचला. मुळे उंचावर टांगली, तर त्याने कुडाची भिंत उकरायला घेतली. सगुणा सारवून भोक बुजवी, आणि तो शेजारी नवे पाडी.

एके दिवशी दिवेलागणीला डोंगराच्या बाजूने कोल्हे ओरडले. सगुणा देवापुढे दिवा लावत होती. मागे वळून पाहते तर भिंतीला भोक आणि भुंग्या नाही. ती कंदील घेऊन बाहेर धावली. महिपती थाळी बडवत तिच्या मागे. केळीच्या बागेच्या कडेला काहीतरी जड अंग पाचोळ्यावरून सरकल्याचा आवाज झाला. सगुणाने आरोळी ठोकली आणि हातातला कंदील सरळ त्या आवाजावर फेकला. काचा फुटल्या, क्षणभर भडका उडाला, आणि त्या उजेडात एक लांब शेपूट झाडीत नाहीसे झालेले दोघांनीही पाहिले. भुंग्या पाटाच्या कोरड्या चरात पडला होता. पाठीवरचे कातडे फाटून लोंबत होते. तो जिवंत होता.

पडवीत बुवांनी समई धरली आणि सगुणाने टाके घातले.   शेवटचा टाका पडल्यावर तिने कपाळावरचा घाम पुसला आणि बुवा काही बोलण्याआधीच म्हणाली, "तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. तरीही मी त्याला कोंडणार नाही. कोंडून जगण्यापेक्षा..."

"थांब," बुवा म्हणाले. "पुढचं वाक्य स्वतःसाठी बोलायचं असेल तर खुशाल बोल. तुझा तो हक्क आहे. त्याच्यासाठी बोलायचं असेल, तर आधी त्याला विचार."

भुंग्या तिच्या मांडीवर कण्हत होता. सगुणाने ते वाक्य पुरे केले नाही. पण मान खालीही घातली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवांनी अडगळीतून पिंजरा ओढून काढला, त्याचे दार बिजागऱ्यांसकट उतरवून भिंतीला टेकवून ठेवले आणि पिंजरा पडवीत, स्वतःच्या बैठकीशेजारी मांडला. आत एक जुनी घोंगडी अंथरली. भुंग्याला त्यांनी बोलावले नाही, आत घातले नाही, त्याच्याकडे पाहिलेही नाही. ते आपले नाडी पाहत राहिले आणि मधूनमधून भाकरीचा एखादा तुकडा त्या घोंगडीवर टाकत राहिले. दुखरे अंग घेऊन भुंग्या उन्हातून सावलीत, सावलीतून ओट्याखाली हिंडला. पिंजऱ्याच्या तोंडाशी येऊन वास घेई, मान लांब करून तुकडा उचली आणि पळे. पुढे पुढे तो आत जाऊन खाऊ लागला. मग एका दुपारी, रोगी बोलत असताना, तो आत जाऊन पाय पसरून झोपला.

त्याच दुपारी बुवांनी दार पुन्हा बिजागऱ्यांसकट बसवले आणि बाभळीच्या लाकडाची नवी खीळ तासायला घेतली.

सगुणा समोर येऊन उभी राहिली. "हे कशाला, गुरुजी?"

"दाराला."

"म्हणजे भाकरी दाखवून आत नेलंत आणि आता दार लावणार. अण्णांनी निदान उघडउघड कोंडलं होतं. ही तर फसवणूक झाली."

महिपतीने दचकून वर पाहिले. गुरूला कुणी असे बोललेले त्याने ऐकले नव्हते. बुवा मात्र खीळ तासत म्हणाले, "दार लावून मी निघून गेलो, तर फसवणूक होईल. मी जातो की नाही यावर तू लक्ष ठेव. मी उठून गेलो तर पिंजरा फोड. कुऱ्हाड मागच्या दारी आहे."

त्यांना वाटले असेल, ती ओशाळेल. ती मागच्या दारी गेली, कुऱ्हाड घेऊन आली आणि पिंजऱ्यासमोर मांडी घालून, कुऱ्हाड आडवी धरून बसली.

त्यानंतर जे सुरू झाले त्याने वाडीभर करमणूक झाली. बुवा पिंजऱ्याचे दार लावत आणि लगेच उघडत. लावत, उघडत. भुंग्या मान वर करून पाही. काही वेळाने पुन्हा लावत, एक श्वास थांबत, उघडत. कधी खीळ बसवत, कधी नुसतेच दार लोटत. खोकल्याचा रोगी समोर खोकत असे आणि बुवा एका हाताने त्याची नाडी धरून दुसऱ्या हाताने ते दार लावत-उघडत. भुंग्या आत असो वा बाहेर, हे चालूच. भुंग्या कान टवकारून उभा राहिला, नाक फटीकडे नेऊ लागला, की त्याच्या तोंडून आवाज निघण्याच्या आत दार उघडलेले असे. आणि समोर एक तरुण मुलगी कुऱ्हाड घेऊन, डोळ्यांत तेल घालून बसलेली.

"बुवांचं वय झालं," लोक म्हणू लागले.

"गुरुजी, लोक हसतात," महिपतीने शेवटी सांगून टाकले.

"हसू देत. हसल्याने पचन सुधारतं."

असे काही दिवस गेले. आता दार लागलेले राही तो वेळ वाढू लागला होता. पाने निवडून होईपर्यंत, काढा उतरेपर्यंत. एकदा असेच दार लागले होते, भुंग्या आत पहुडला होता, आणि वाडीतला एक माणूस धापा टाकत आला. "बुवा, चला लवकर! आमचा सदाशिव आंब्यावरून पडला. मांडी फाटलीय. रक्त थांबत नाही."

बुवा ताडकन उठले. महिपतीने औषधांचा बटवा आणि पट्ट्या आधीच उचलल्या होत्या. बुवांनी पडवीची पायरी उतरली. सगुणाही उठली होती, आणि तिच्या हाताची मूठ कुऱ्हाडीच्या दांड्यावर आवळली होती.

बुवा थबकले. मागे फिरले, वाकले, खीळ काढली, दार सताड उघडले आणि मग त्या वयातही धावतच निघाले. सगुणा कुऱ्हाड तिथेच टाकून त्यांच्या मागोमाग निघाली.

सदाशिव वाचला. परत येताना महिपतीला राहवेना. "गुरुजी, माणूस रक्ताच्या थारोळ्यात, आणि तुम्ही कुत्र्याचं दार उघडायला मागे फिरलात?"

"दार उघडायला कितीसा वेळ लागतो, महिपती? तेवढाही वेळ नव्हता, असं सांगूनच माणसं निघून जातात."

सगुणा दोन पावले मागून चालत होती. तिने हे ऐकले. घरी आल्यावर तिने कुऱ्हाड मागच्या दारी नेऊन ठेवली आणि बुवांच्या जागी, पिंजऱ्याशेजारी, स्वतः बसली.

"मी लावीन दार," ती म्हणाली. "पण माझ्या अटीवर. दुसऱ्या कुणी खिळीला हात लावायचा नाही. आणि ज्या दिवशी मला इथे थांबता येणार नाही, त्या दिवशी दार उघडं राहील. बिबट्या असला तरी. त्याला मी पोटाशी बांधून नेईन, पण कोंडून जाणार नाही."

"ठरलं," बुवा म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी दोन्ही हातांनी नाडी पाहायला लागले.

दिवाळी होऊन थंडी पडली तेव्हा व्यंकटशेठ स्वतः आले. मनाशी ठरवूनच आले होते की या खेपेला मुलीला घेऊन जायचे. उतरले आणि पाहतात तो मुलगी पिंजऱ्याशी बसलेली, पिंजरा बंद, आत पिल्लू शांत झोपलेले. शेठचा चेहरा उजळला. "अरे वा! लावलीस ना सवय? शेवटी बापाचंच ऐकलंस!"

सगुणाने खीळ काढली. "बसा अण्णा. पाणी आणते," एवढेच ती म्हणाली.

बोलण्यात दिवस कलला. गाडीवान बैल घेऊन वाडीतल्या गोठ्यात गेला होता. भुंग्या अंगणाच्या टोकाशी माती उकरत होता. आणि अचानक डोंगराच्या बाजूच्या झाडांवरून वानरांचा खाकरण्याचा आवाज आला. एकामागून एक, सगळी टोळी. बिबट्या आला, हा या आवाजाचा अर्थ वाडीत तान्ह्या पोरालाही कळत असे.

"आत! सगळे आत!" महिपती ओरडला. त्याने शेठना हाताला धरून खोलीत ओढले. बुवा समई उचलून आत आले. पिंजरा दिवस कलतानाच खोलीत नेऊन ठेवला होता. सगुणा उंबऱ्यावर उभी राहिली. अंगणाच्या टोकाशी भुंग्या ताठ झाला होता, अंगावरचे केस उभे, तोंड डोंगराकडे. तो कोणत्या बाजूला धावेल, हे त्या क्षणी कुणालाच सांगता आले नसते.

"भुंग्या," ती म्हणाली. ओरडली नाही. रोज त्याला पिंजऱ्याकडे बोलावताना म्हणे तसेच म्हणाली, "घर."

तो वळला. अंगण ओलांडून, तिच्या पायांमधून, शेठच्या धोतराला घासून तो थेट पिंजऱ्यात शिरला. सगुणाने खोलीचे दार लावले, पिंजऱ्याची खीळ बसवली आणि पिंजऱ्याला पाठ टेकवून, एक हात पट्ट्यांवर ठेवून जमिनीवर बसली.

थोड्याच वेळात पडवीत पावले वाजली. नव्हे, वाजली नाहीतच. पडवीतल्या फळ्या फक्त दबल्या, आणि कुडाच्या फटींतून एक उग्र वास आत आला. ते जनावर भिंतीपलीकडे श्वास घेत होते. शेठचे ओठ हलत होते, ते मनातल्या मनात रामनाम घेत होते. पिंजऱ्यात भुंग्या थरथरत होता. त्याच्या छातीतून एक बारीक गुरगुर येत होती. पण तो किंचाळला नाही, दारावर आपटला नाही, भिंत उकरायला धावला नाही. त्याने फटीतून नाक बाहेर काढून सगुणाच्या बोटांना टेकवले आणि तसाच राहिला.

मग वाडीच्या बाजूने डबे आणि ढोल वाजू लागले. फळ्या पुन्हा एकदा दबल्या. वास विरत गेला.

सगुणाने पहिले काम केले ते खीळ काढण्याचे. दार उघडले तरी भुंग्या बाहेर आला नाही. घोंगडीवर हनुवटी टेकून पडून राहिला.

शेठना आता वाचा फुटली. "पाहिलंस? कोंडलं होतं म्हणून जीव वाचला त्याचा. मी काय वेगळं सांगत होतो? मुक्या जनावराला कळतं, ते माणसाला कळू नये? पुरे झालं आता. उद्या सकाळी माझ्याबरोबर घरी चल. हा बिबट्या जाईपर्यंत तरी चल. तुझ्यासाठी माडी झाडून घेतलीय."

"नाही," सगुणा म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे येणार नाही. तो आत गेला, कारण ते दार उघडतं हे त्याला ठाऊक आहे. तुम्ही लावलेलं दार उघडतं हे मला कुठे ठाऊक होतं, अण्णा?"

"सगुणा! मी तुला जपलं. एकटा माणूस, गावोगावचा धंदा. पोरीला कुणाच्या भरवशावर टाकणार होतो? तुला कधी काही कमी पडू दिलं?"

"काही कमी नव्हतं. मी दार वाजवायचे तेव्हा कुणी येत नव्हतं, एवढंच."

"वाजवायचीस?" शेठ म्हणाले. "मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही घरी असता तर तुम्हाला ऐकू आलं असतं."

 शेठनी बुवांकडे पाहिले, हात जोडले. "बुवा, तुम्ही मोठे. तुम्हीच समजवा तिला. तुम्हीसुद्धा हे पिल्लू कोंडलंतच ना?"

बुवा समईची वात सारीत होते. ते म्हणाले, "शेठ, तुम्ही म्हणता, पिंजरा चांगला. ही म्हणायची, पिंजरा वाईट. मी पिंजऱ्याचा विचार केला नाही. दार लागतं, हे कुठल्याही जिवाला शिकवावं लागत नाही. ते त्याला पहिल्या धक्क्यात कळतं. दार उघडतं, हे शिकवावं लागतं. आणि ते एकदा सांगून पटत नाही. म्हणून मी लोकांचं हसू सोसून दिवसेंदिवस ते लावत-उघडत बसलो. रडल्यावर उघडलं असतं, तर रडल्याखेरीज सुटका नाही असं तो शिकला असता. रडूनही उघडलं नसतं, तर तो गप झाला असता आणि आपण म्हटलं असतं, शहाणा झाला. तो रडण्याच्या आधी उघडलं. आज त्याचा विश्वास त्या सागवानावर नाही, हिच्या हातावर आहे. तुम्ही मुलीचा जीव राखलात, हे खरंच आहे. पण ज्याला दाराशी थांबता येत नाही, त्याने दार लावू नये. दुसरा काहीतरी मार्ग शोधावा. अवघड असतो, पण शोधावा."

"आणि तिला इथे बिबट्याने नेलं तर?" शेठचा आवाज फुटला.

याचे उत्तर सगुणाने दिले. "तर तुम्हाला फार दुःख होईल. मला ते ठाऊक आहे, अण्णा. म्हणून मी दिवेलागणीला आत येते, दार लावते, एकटी बागेत जात नाही. मी माझा जीव जपते. पण तो मी जपेन. कुठलं दार लावायचं आणि कधी उघडायचं, हे माझं मी ठरवीन. तुमच्यावर माझा राग नाही. पण मी येणार नाही, आज नाही आणि बिबट्या असेतो तर मुळीच नाही. भीती घालून नेलेलं माणूस पुन्हा भीतीनेच राहतं."

शेठ भिंतीला टेकून बसले. पुष्कळ वेळाने भुंग्या पिंजऱ्यातून बाहेर आला, आळस देऊन अंग झाडले आणि, तिथे बसलेला हा माणूस कोण आहे याची काही पर्वा न करता, त्यांच्या पायावर पाठ टेकून झोपला. शेठनी पाय हलवला नाही. पाठीवरचा तो लांब व्रण मात्र ते पाहत राहिले.

सकाळी गाडी जुंपली गेली. शेठ एकटेच चढले. सगुणाने त्यांना थांबवले नाही.

पुढे उन्हाळा संपता संपता बिबट्या डोंगरावर परतला. भुंग्या एवढा वाढला की पिंजऱ्यात त्याचे निम्मे अंगही मावेना, तेव्हा महिपतीने पिंजऱ्याचे दार काढून टाकले आणि आत हळकुंडे ठेवायला सुरुवात केली. भुंग्या मग पडवीच्या पायरीवर निजू लागला. रोग्यांना त्याला ओलांडून जावे लागे.

हल्ली घरी पिल्लू आणणारे पुष्कळ जण विचारतात, पिंजरा घ्यावा की न घ्यावा? त्यांना मी एवढेच उलट विचारतो, दार लावल्यावर तुम्ही कुठे असणार?

शेठ पुन्हा आले ते आषाढात. या वेळी गाडी त्यांनी दूर वडाखालीच सोडली होती. ते कुंपणाच्या बेड्यापर्यंत, म्हणजे बांबूच्या फाटकापर्यंत, चालत आले आणि तिथेच उभे राहिले. बेडे साधे होते, ढकलले असते तर उघडले असते. त्यांनी ढकलले नाही. पावसाच्या भुरभुरीत, टोपी हातात धरून, त्यांनी हाक मारली, "सगुणा, येऊ का आत?"

सगुणा खलात औषध कुटत होती. तिने कुटणे थांबवले नाही. हातातले औषध पुरते बारीक झाल्यावर तिने मान वर केली, बापाकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "या, अण्णा."